सुमनबाईच्या वाट्याची भाकर

“मला सेविका म्हणू नका, स्वयंपाकीण म्हणा, तो शब्द निदान खोटा नाही.”

हे सुनंदाबाई बोलल्या होत्या धुळ्याला, स्वतःच्याच निरोपसमारंभात. बायबल शिकवणाऱ्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं काढून त्या निघाल्या होत्या. प्राचार्यांनी भाषणात त्यांना तीनदा ‘आमची नम्र सेविका’ म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा बाई उठल्या, एवढं एक वाक्य बोलल्या आणि खाली बसल्या. मग शाल घेतली. शाल चांगली ऊबदार होती, तिच्याशी त्यांचं भांडण नव्हतं.

भांडण शब्दाशी होतं, आणि ते जुनं होतं.

सुनंदा दोंडाईच्याची. आई मिरचीच्या व्यापाऱ्याकडे देठ खुडायला जायची आणि सातव्या वर्षापासून सुनंदाही तिच्याबरोबर जायची. लाल ढिगाच्या कडेला बायका ओळीने बसत. दिवसभर देठ खुडायचे आणि संध्याकाळी हात ताकात बुडवून बसायचं. हात डोळ्यांना लावायचा नाही, हे ती अक्षरांच्या आधी शिकली. रडू आलं तरी खांद्याने पुसायचं. आईने मिशनच्या दवाखान्यात बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळे लग्न ख्रिस्ती घरातच झालं. नवरा सुरतेच्या गिरणीत गेला. दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. चोविसाव्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन धुळ्याला आली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला लागली.

त्या स्वयंपाकघराला वर्गाच्या बाजूने एक खिडकी होती. वर्गखोलीतच दुपारी पंगत बसायची, म्हणून ताटं सरकवायला ती केलेली. नऊ ते अकरा ग्रीकचा तास. तीच पोळ्यांची वेळ. पलीकडे ज्ञानेश्वर सर जुन्या करारापेक्षाही जुन्या वाटणाऱ्या कोटात उभे राहून शब्द सांगायचे आणि पोरं घोकायची. अलीकडे पोळपाट फिरायचा. कोणी कधी ती खिडकी लावून घेतली नाही. स्वयंपाकघरातल्या बाईला कान असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एके दिवशी सरांनी काना गावच्या लग्नाची गोष्ट काढली. पाण्याचा द्राक्षारस झाला. तो कुठून आला हे जेवणावळीच्या कारभाऱ्याला कळलं नाही, नवरदेवालाही कळलं नाही.

“मग ठाऊक होतं कोणाला?”

“पाणी काढणाऱ्या चाकरांना, सर.”

“चाकरांना मूळ शब्द काय?”

पंचवीस पोरं पुस्तकात तोंड घालून बसली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“दियाकोनोस.”

पोरं मागे वळली. खिडकीत पीठ लागलेले दोन हात आणि मधे सुनंदाचा चेहरा. पोरं खो खो हसली. सर हसले नाहीत.

“हसताय काय? पाणी काढणारीलाच ठाऊक असणार. गोष्टीतच लिहिलंय तसं.”

दुसऱ्या दिवशी सरांनी दोनशे पानांची वही आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. त्यानंतर बारा वर्षं, भांडी झाली की दुपारी तीन वाजता, मागच्या अंगणात पत्र्याच्या सावलीत दोघं बसायची. सर फार कडक. चुकलं की म्हणायचे, “बाई, पोळी कच्ची राहिली.” ती परत भाजून आणायची.

त्या एका शब्दावर ती फार रेंगाळली. सर सांगायचे, ह्या शब्दाचा बाप अजून कोणाला सापडलेला नाही. काही जुनी पुस्तकं म्हणतात, दियाकोनोस म्हणजे धुळीतून धावत येणारा. धुळ्याच्या पोरांना हा अर्थ भयंकर आवडायचा. सर म्हणायचे, “आवडतं म्हणून खरं होत नाही. शब्दाचं मूळ सापडत नसेल तर त्याच्या मागे मागे जा. तो कोणाच्या घरी उतरतो ते बघ.”

मग ती शब्दाच्या मागे गेली. ग्रीक लोक तो पंगतीतल्या वाढप्याला लावायचे, निरोप नेणाऱ्यालाही लावायचे. सर म्हणाले, दोघांचं काम एकच. “एकाकडून घ्यायचं, दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, मधे आपण खायचं नाही. त्यात वरचा नाही, खालचा नाही. धाडलेला माणूस. तो कोणी धाडला आणि कोणाकडे, एवढंच बघायचं.”

वहीच्या एका पानावर तिने नोंद केली. कानाच्या लग्नातले पाणी काढणारे: मराठीत ‘चाकर’. देशाचा सत्ताधीश, त्यालाही पौलाने तोच शब्द लावला: मराठीत ‘सेवक’. खुद्द पौल: ‘सेवक’. आणि रोमकरांच्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातली फिबी: ‘सेविका’. ग्रीकमध्ये चौघांना एकच शब्द होता. मराठीत येताना प्रत्येकाला आपापल्या पायरीवर बसवून दिलं होतं. फिबी कोण होती? जाणकार म्हणतात, ते पत्र रोमला बहुधा तिनेच नेलं. कारण पौल लिहितो, तिला नीट उतरवून घ्या, तिला लागेल ती मदत करा. समुद्रापलीकडे एवढं मोठं पत्र घेऊन गेलेली बाई आणि मराठी मंडळीत तिचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे केरसुणी येते. सुनंदाबाईंनी पानाखाली रेघ मारली. रेघ कागद फाटेपर्यंत ओढली होती.

निवृत्त झाल्यावर जळगावच्या एका ख्रिस्ती मंडळीने त्यांना चर्चच्या आवारात खोली दिली. भाडं नाही. बदल्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्या मंडळीने भाकर आणि द्राक्षांचा रस घ्यायच्या विधीची, तयारी करायची. शनिवारी काळे मनुके भिजवून, उकळून, पातळ फडक्यातून गाळायचे. रविवारी पहाटे बिनमिठाची, बिनखमिराची गव्हाची पोळी तव्यावर अशी टाकायची की डाग पडता कामा नये. डाग पडला की मंडळीचे सचिव पंडितनाना नाक मुरडत. मग सुरीने त्या पोळीचे, म्हणजे विधीतल्या भाकरीचे, बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायचे, एकशे चाळीस चिमुकले काचेचे पेले भरायचे आणि सगळं टेबलावर मांडून पांढऱ्या कापडाने झाकायचं. तिथून पुढे बाईचं काम संपलं. झाकण काढायचं ते पाळकाने आणि ताटं फिरवायची ती निवडून आलेल्या सेवकांनी. ‘सेवक’ इथे मानाचं पद होतं. पाच जण होते, पाचही पुरुष, दर तीन वर्षांनी मतदानाने निवडलेले.

आजाऱ्यांसाठी ह्या मंडळीची एक रीत होती. आजाऱ्याचा वाटा टेबलावरूनच निघायचा. दोन सेवकांनी तो, भाकरीचा चौकोन आणि रसाची छोटी बाटली, लाकडी पेटीत घालून, शेवटचं गीत संपायच्या आत दाराबाहेर न्यायचा. गीत संपलं की टेबलावर, आणि पेटी परत आली की तिच्यात, जे उरेल ते कोणाच्या तोंडी लावायचं नाही. निंबाखाली खड्डा करून पुरायचं. म्हणतात, जुन्या काळी उरलेल्या भाकरीवरून दोन घरांत डोकी फुटली होती, तेव्हा कोणा पाळकाने हा नियम घातला. भांडण विसरलं, नियम राहिला. पुरण्याचं काम अर्थातच सुनंदाबाईंकडे.

जुलैत पेटी परत आली तेव्हा तिच्यात एक चौकोन तसाच होता. त्या वेळी आजाऱ्यांत एकच नाव होतं, पिंप्राळ्यातल्या सुमनबाईचं. छातीचा कॅन्सर, दवाखान्याने घरी पाठवलेली. सुनंदाबाईंना वाटलं, गिळवत नसेल. त्यांनी तो तुकडा पुरला. ऑगस्टमध्ये पुन्हा एक. तोही पुरला. सप्टेंबरमध्ये तिसरा पुरून त्यांनी पेटी धुवायला घेतली आणि रसाची बाटली हातात आली. त्यांनीच दोऱ्याने बांधलेलं बूच, त्यांनीच मारलेली गाठ. सुटलेली नव्हती.

भाकर गिळवत नाही हे समजू शकतं. रसाने ओठ तर ओले केले असते.

त्या खाली बसल्या. पेटी मांडीवर. निंबाखालची माती अजून ओली होती, तिच्यावर त्यांच्याच चपलेचा ठसा होता. तीन महिने त्या एका जिवंत बाईचा वाटा स्वतःच्या हाताने पुरत होत्या आणि वरून माती चोपत होत्या.

सोमवारी त्या पिंप्राळ्याला गेल्या. सुमनबाईचं घर म्हणजे दोन खोल्या. दारातच लोबानचा धूर. तो लोबान शेजारची हमीदा जाळत होती. हमीदाचा नवरा असलम रिक्षा चालवायचा आणि जखमेची पट्टी बदलायचं काम हमीदा करायची, रोज, सकाळ-संध्याकाळ, तोंडाला ओढणी बांधून. लोबानच्या आतून दुसरा वास येतच होता. सुमनबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर फक्त मऊ झालेलं जुनं लुगडं पांघरलेलं. चाळीस वर्षं तिने दाईचं काम केलेलं, अर्धी मंडळी तिच्या हातांत जन्माला आलेली.

“कोन शे?”

“मी सुनंदा.”

सुमनबाईने तोंड वळवलं नाही. भिंतीलाच म्हणाली, “माले मंडळीमाईन काढी टाकं का वं?”

“कोन म्हणस असं?”

“कोनी म्हणस नई. पन कोनी येस बी नई.”

हमीदा दारातून म्हणाली, “आले होते ना, खाला. दोन साहेब. तीनदा आले. इथेच दारात उभे राहिले, डोळे मिटले, काहीतरी बोलले, गेले. मला वाटलं तुमच्यात एवढंच असतं.”

“पाळक नाही आला?”

“नीलेश उना व्हता,” सुमनबाई म्हणाली. “मीच हाकलं त्याले. अंगवर कापड ठरस नई. पोऱ्यासमोर कशी पडू?”

सुनंदाबाईंनी तिचा हात हातात घेतला. “मी आणस उद्या. मीच करस ती भाकर. घरून आणस.”

सुमनबाईने हात काढून घेतला. आता तिने तोंड वळवलं. डोळे खोल गेले होते पण त्यांतली धग गेली नव्हती.

“तुना हातनी भाकर मी कवय बी खासू. ती नको. टेबलवरनी पाहिजे. बठ्ठा लोकेसनी खादी ती. माले कोनी तरी धाडेल पाहिजे, सुनंदा. चोरीनी भाकर खाईसन मराले मी काय उंदीर शे?”

तिला हवी होती ती टेबलावरची, साऱ्या मंडळीने खाल्लेली आणि मंडळीनेच धाडलेली भाकर. बाहेर आल्यावर हमीदाने सांगितलं, डॉक्टर म्हणाले महिना निघणं कठीण. सुनंदाबाईंनी बोटांवर मोजलं. पुढचा पहिला रविवार ऑक्टोबरच्या पाच तारखेला होता. त्याच्या पुढचा मोजण्यात अर्थ नव्हता. निंबाखाली काय पुरलं ते त्यांनी सुमनबाईला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यावर काही करण्यासारखं होतं.

चार तारखेला, शनिवारी दुपारी, चर्चमागच्या खोलीत कमिटी बसली. पंडितनाना मधे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, कागद चौकोनी घडीतच ठेवणारे. डाव्या हाताला भूषण, ठिबकच्या नळ्यांचा दुकानदार, सुमनबाईकडे पेटी नेणाऱ्या दोघांपैकी एक. उजव्या हाताला पाळक नीलेश, बत्तीस वर्षांचा, धुळ्याला तीन वर्षं सुनंदाबाईंच्या हातचं जेवलेला. तो त्यांना अक्का म्हणायचा आणि कमिटीला घाबरायचा.

सुनंदाबाई आल्या त्या वही घेऊन.

“उद्या सुमनबाईकडे पेटी मी नेणार,” त्या म्हणाल्या.

पंडितनानांनी चष्मा काढला. “तुम्ही सेवक नाही, सुनंदाबाई.”

“का नाही?”

“निवडून आलेल्या नाही. आणि घटनेत लिहिलंय, सेवक म्हणजे मंडळीचा प्रौढ पुरुष सभासद.”

“घटना कोणी लिहिली?”

“आपल्याच वाडवडिलांनी.”

“आणि हे कोणी लिहिलं?” त्यांनी वही उघडून टेबलावर सरकवली. “काना गावात पाणी काढणारे. राज्य करणारा. पौल. फिबी. चौघांना एकच शब्द. वाचा.”

पंडितनाना हसले. “आता तुम्ही आम्हाला ग्रीक शिकवणार?”

“शिकवते की. बसलेलेच आहात.”

भूषणने मोबाईल काढला आणि खाली मान घालून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “नाना, आहे खरं. इथेही तेच दाखवतंय.”

“असेल!” नाना म्हणाले. “शब्द असेल. शब्द काय, पुष्कळ असतात. फिबीने काय केलं? पत्र नेलं. पत्र पोस्टमनही नेतो, म्हणून काय त्याला कोणी पाळक केलं?”

“मला पाळक करा म्हणालेच नाही मी. पोस्टमन म्हणा. पण नाना, तुम्हीच सांगा. पत्ता सापडला, माणूस जिवंत, दार उघडं, आणि टपाल परत आलं. तीन महिने. पोस्टात ह्याला काय म्हणतात?”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत असं टपाल परत आणणाऱ्याला त्यांनी काय म्हटलं असतं ते नानांच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. मग त्यांनी भूषणकडे पाहिलं.

“परत आलं? वहीत तर ‘दिलं’ लिहिलंय.”

भूषणचे कान लाल झाले. “नाना, कसं जाणार आत? बाई उघडी पडलेली. वास... आम्ही दारातून प्रार्थना केली. मग विचारलं तर काय सांगायचं, म्हणून...”

“भूषणभाऊ,” सुनंदाबाई म्हणाल्या, आवाज न चढवता, “तू नागडा तिच्या हातांत पडलास तेव्हा तिने दारातून प्रार्थना नव्हती केली.”

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. 

नीलेशने घसा साफ केला. “नाना, एक करू या. भूषणभाऊंनी पेटी दारापर्यंत न्यायची आणि आत अक्का...”

“नाही. पेटी सेवकाच्या हातातून सुटली की सुटली. आज दारापासून पलंगापर्यंत, उद्या टेबलापासून दारापर्यंत. मग घटना कशाला ठेवायची, कापूस भरू तिच्यात. बदल हवा तर मार्चच्या वार्षिक सभेत मांडा. मी स्वतः विषयपत्रिकेत घेतो.”

“सांगते सुमनबाईला. म्हणते, मार्चपर्यंत थांब, विषय घेतलाय.”

“सुनंदाबाई, खोली मंडळीने दिली आहे तुम्हाला. हेही लक्षात असू द्या.”

सुनंदाबाईंनी वही मिटली. “खोली घ्या. मनुके मात्र भिजवलेले आहेत. ते उद्या कोणीतरी गाळून घ्या. सेवकांपैकी कोणाला येत असेल तर.”

त्या निघाल्या तेव्हा नीलेश मागे आला. ओट्यावर उभा राहून म्हणाला, “अक्का, मी काय करू? माझी नेमणूक ह्यांच्या हातात आहे.”

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग आधी जेव. उपाशी माणसाला सगळेच वाघ दिसतात.”

मनुके त्यांनीच गाळले. रविवारी पहाटे पोळी त्यांनीच टाकली. वर्षानुवर्षांत पडली नव्हती अशी पडली, पांढरी, एकही डाग नाही. पोळीवर राग काढायचा नाही, हे त्या मिरचीच्या खळ्यावरच शिकल्या होत्या; राग हाताला लागलेला असतो, डोळ्यांपर्यंत जाऊ द्यायचा नाही. चौकोन कापले. पेले भरले. कापड घातलं. मग इस्त्रीचं लुगडं नेसून बायकांच्या बाजूला चौथ्या बाकावर जाऊन बसल्या.

उपदेश चालू असताना फाटकाशी रिक्षा थांबली. हमीदा उतरली. चर्चच्या दाराशी आली आणि आत यावं की नाही ह्या विचारात तिथेच उभी राहिली. सुनंदाबाई उठून तिच्याकडे गेल्या.

“पहाटेपासून पाणी नाही घेतलं,” हमीदा कुजबुजली. “तोंडापाशी नेलं की मान फिरवते. एकच विचारते, उनी का? म्हणजे तुम्ही आलात का. असलम थांबलाय गाडी घेऊन.”

“थांबा म्हणावं.”

त्या परत जाऊन बसल्या. भाकर फिरली. पेले फिरले. सुनंदाबाईंनी आपला चौकोन जिभेवर ठेवला. तो विरघळेना. मग बाजाच्या पेटीवर बसलेल्या सारिकाने भाता ओढला आणि शेवटचं गीत सुरू झालं. चार कडवी होती.

पहिल्या कडव्याला पंडितनानांनी टेबलावरची लाकडी पेटी उचलून भूषणपुढे धरली. भूषण उठला नाही. नानांनी पेटी आणखी पुढे केली. भूषणने दोन्ही हात पाठीमागे घेतले, शाळेतल्या पोरासारखे.

“नाना, मी दारापर्यंतच जातो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोटं चौथ्यांदा नाही होणार माझ्याच्याने.”

तो हळू बोलला होता, पण पुढच्या दोन बाकांनी ऐकलं. नानांनी इतर सेवकांकडे पाहिलं. ते गीताच्या पुस्तकात बघत होते, पाठ असलेलं गीत वाचत होते.

दुसऱ्या कडव्याला सुनंदाबाई उठल्या. बायकांच्या बाकांमधून बाहेर आल्या आणि टेबलाकडे चालू लागल्या. टेबल मांडायला त्या कितीतरी वेळा गेल्या होत्या, पण चर्च रिकामं असताना. एकशे चाळीस माणसांदेखत ती वाट लांब होती.

“जागेवर बसा, बाई,” नाना ओठ न हलवता म्हणाले.

त्या टेबलाशी जाऊन थांबल्या.

“कोणाला विचारून?”

त्यांनी नानांकडे पाहिलं नाही. नीलेशकडे पाहिलं. हात पुढे केले नाहीत. ताट समोरच होतं, एक हात लांब केला असता तर मिळालं असतं. त्या उभ्या राहिल्या. मागच्या बाकांवरची माणसं गाता गाता उंच होऊन बघायला लागली. तिसरं कडवं सुरू झालं.

नानांनी पेटी बंद केली, कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले.

नीलेशने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे. मग ताटातला एक चौकोन उचलून छोट्या बशीत ठेवला. एक भरलेला पेला तिच्यावर ठेवला. पेला बशीला लागून वाजला, आणि तो बारीक आवाज गीताच्या वर ऐकू आला. टेबलावरचं पांढरं कापड उचलून त्याने ते बशीवर घातलं. बशी सुनंदाबाईंच्या हातांत दिली.

“सुमनबाईला सांगा,” तो म्हणाला, आणि मग आवाज सापडला तसा मोठ्याने म्हणाला, “मंडळीने पाठवलंय.”

“मंडळीने कधी?” नाना म्हणाले. “ठराव कुठे आहे?”

चौथं कडवं सरत आलं होतं. शेवटची ओळ लागली. लोकांचे आवाज ओळीच्या टोकाशी येऊन उतरायला लागले. गीत संपलं की बशीतली भाकर निंबाखालची.

“सारिका,” नीलेश म्हणाला, “शेवटचं कडवं पुन्हा.”

सारिकाने भाता सोडलाच नव्हता. कडवं पुन्हा सुरू झालं. आधी बाजाच्या पेटीचाच आवाज, मग बायकांच्या बाजूने पाच-सात आवाज, मग भूषणचा बेसूर जाड आवाज, मग सगळ्यांचा. नाना टेबलामागून निघाले आणि दोन बाजूंच्या बाकांमधल्या वाटेत येऊन उभे राहिले. सत्तरीचा ताठ माणूस, खिशावर हात. त्यांच्या पलीकडे दार, दारात हमीदा, फाटकाशी रिक्षा.

सुनंदाबाई बशी धरून चालत त्यांच्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. दोघांमध्ये वीतभर अंतर. बाईंनी डोळे खाली घेतले नाहीत. कडवं संपलं. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी सारिकाने तेच कडवं तिसऱ्यांदा धरलं, आणि आता लोक बसून गात नव्हते. एकेक करून उभे राहत होते, बाक कुरकुरत होते.

पंडितनाना बाजूला सरले, की बाईच त्यांना वळसा घालून गेल्या, ह्यावर त्या मंडळीत अजून एकमत झालेलं नाही. एवढं सगळे सांगतात की पेला हिंदकळला नाही. कडव्याची शेवटची ओळ अजून पूर्ण व्हायची होती. सुनंदाबाईंनी उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरल्या, आणि बशी मांडीवर धरून हमीदाशेजारी असलमच्या रिक्षात बसल्या.